चाकांची उसळी आणि इंजिनाचा आधार : बाहेरून बसवलेला डॅम्पर कधी उपयोगी, कधी निरुपयोगी

नवी दिल्ली : सिग्नल सुटताच किंवा चढावर गाडी पुढे काढताना पुढची चाके रस्त्यावर धडधड उसळू लागली, स्टिअरिंग हातात थरथरले आणि बॉनेटखालून ठोके ऐकू आले, तर त्या दोषाला वाहन तंत्रज्ञ ‘व्हील हॉप’ म्हणजेच चाकांची उसळी म्हणतात. त्यावर उपाय म्हणून इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक छोटा डॅम्पर बसवण्याचा सल्ला अलीकडे वाहनप्रेमींमध्ये सर्रास दिला जातो. हा डॅम्पर मूळ उत्पादकाचा नसतो. तो सुट्या भागांच्या बाजारातून विकत घेऊन नंतर जोडला जातो. तो नेमके काय करतो, त्याची गरज कोणाला आहे आणि तो बसवण्यापूर्वी काय तपासले पाहिजे, हे समजून घेतल्यास अनावश्यक खर्च टळतो. त्याहून मोठा लाभ म्हणजे झिजलेल्या भागाने दिलेली धोक्याची सूचना नजरेआड होत नाही.

दक्षिण-पश्चिम दिल्लीतील सरोजिनी नगर हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण ठरावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ही जुनी वसाहत एकेकाळी विनय नगर या नावाने ओळखली जाई. देशाच्या सर्व प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे येथे राहत आली आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या जपून वापरलेल्या छोट्या गाड्याही आल्या. एका बाजूला सदैव वाहता रिंग रोड, दुसऱ्या बाजूला खरेदीदारांनी गजबजलेला बाजार, अशी या भागाची रचना आहे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यांत सरोजिनी नगरसह नेताजी नगर आणि नौरोजी नगर यांचाही समावेश होता. थांबत-थांबत चालणारी वाहतूक, बांधकामाच्या परिसरात रस्त्यावर पसरणारी बारीक वाळू आणि उन्हाळ्यातील प्रखर उष्णता या तिन्ही गोष्टी चाकांची पकड आणि इंजिनाखालचे रबर यांची कसोटी पाहणाऱ्या आहेत.

उसळी का येते?

स्थिर गाडी जोरात पुढे काढली की चाकावर येणारा जोर टायरच्या पकडीपेक्षा अधिक होऊ शकतो. अशा वेळी टायर क्षणभर घसरतो. घसरताच त्याच्यावरचा ताण कमी होतो, म्हणून तो पुन्हा रस्ता पकडतो. पकडताच ताण वाढतो आणि टायर पुन्हा घसरतो. हे चक्र अतिशय वेगाने घडते. टायरच्या लवचीक बाजू, लोअर आर्मचे रबरी बुश, ड्राइव्ह शाफ्ट आणि इंजिनाचे आधार हे सर्व भाग या काळात स्प्रिंगप्रमाणे ताणले जातात आणि सुटतात. प्रत्येक सुटकेबरोबर साठलेली ऊर्जा परत चाकाकडे येते आणि चाक उसळते.

चाक, टायर आणि निलंबन यांची ही नैसर्गिक उसळी साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा होते. चालकाला ती सलग धडधड म्हणून जाणवते. एक्सलेटर सोडताच ती थांबते, म्हणून अनेक जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात त्या दोन-तीन सेकंदांत ड्राइव्ह शाफ्टचे सांधे, गिअरबॉक्सचे दाते आणि इंजिनाचे आधार यांच्यावर उलटसुलट तडाखे बसत असतात. शर्यतींच्या मैदानात ड्राइव्ह शाफ्ट तुटण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

इंजिन डोलते कशाने?

इंजिन चाकाला एका दिशेने फिरवते, तेव्हा तितक्याच जोराने ते स्वतः उलट दिशेने फिरू पाहते. हा उलटा जोर कोठे पोहोचतो, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. अँबेसेडर किंवा मुंबईच्या कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असे आणि जोर मागच्या चाकांना मिळे. अंतिम दंतचक्र मागच्या आसात असल्याने त्याची प्रतिक्रिया मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगना सोसावी लागे. इंजिनाच्या आधारांवर त्या मानाने कमी भार येई.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या ग्राहकाच्या हाती मारुती ८०० ची किल्ली पडली आणि देशातील सर्वसामान्य कुटुंबाच्या गाडीची रचनाच बदलली. या गाडीचे ७९६ घनसेंटीमीटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि पुढची चाके गाडी ओढत होती. ब्रिटनमध्ये १९५९ साली अॅलेक इस्सिगोनिस यांच्या ‘मिनी’ने आडव्या इंजिनाची ही मांडणी लोकप्रिय केली होती. आज भारतातील बहुतेक छोट्या गाड्या याच पद्धतीच्या आहेत. या मांडणीत इंजिन, गिअरबॉक्स आणि अंतिम दंतचक्र एकाच जोडणीत असतात. त्यामुळे चाकांकडे जाणाऱ्या संपूर्ण जोराची प्रतिक्रिया इंजिनाच्या आधारांवरच येते.

त्याचा आवाका एका साध्या हिशेबाने कळतो. एखाद्या छोट्या गाडीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ११० न्यूटन-मीटर आहे असे मानू. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि अंतिम दंतचक्राचे ४ असेल, तर चाकांपाशी तो सुमारे १,५४० न्यूटन-मीटर होतो. इंजिन ज्या अक्षाभोवती डोलते, त्यापासून ४० सेंटीमीटरवर असलेल्या एकाच आधाराने हा जोर पेलायचा म्हटले, तर त्या आधारावर जवळजवळ ३९० किलो वजनाइतका ताण येईल. प्रत्यक्षात तो तीन किंवा चार आधारांत विभागला जातो. तरीही मुठीत मावेल एवढ्या रबराच्या ठोकळ्याकडून केवढी अपेक्षा असते, ते यावरून स्पष्ट व्हावे. गिअर बदलताना आणि रिव्हर्स घेताना हा ताण उलट-सुलट होत राहतो.

‘मिनी’च्या रचनाकारांना ही अडचण ठाऊक होती. त्या गाडीत इंजिनाच्या वरच्या भागापासून सांगाड्यापर्यंत एक छोटा दांडा दिलेला असे. त्याच्या टोकांचे रबरी बुश झिजले की गाडी निघताना हिसके देई. आजच्या अनेक गाड्यांत खालच्या बाजूला असणारा ‘टॉर्क रॉड’ हा त्याच कल्पनेचा वारसदार आहे. बाजारातून आणलेला इंजिन डॅम्पर ही त्याच कुळातील पुढची वस्तू होय.

रबर मऊ का ठेवतात?

इंजिन इतके डोलत असेल, तर ते घट्ट का बांधून टाकत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कंपनांमध्ये आहे. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन थेट सांगाड्याला बोल्टने आवळले जाई आणि त्याची थरथर प्रवाशांच्या हाडापर्यंत पोहोचे. १९३१ मध्ये अमेरिकेतील क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने इंजिनाला रबरावर अशा प्रकारे टांगले की ते आपल्या नैसर्गिक अक्षाभोवती मोकळेपणाने डोलू शकेल. फ्रान्सच्या सित्रोएनने हेच तंत्र परवान्याने घेतले. आजचे इंजिन माउंटिंग त्याच विचारातून विकसित झाले आहे. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘फाउंडेशन’ही म्हणतात.

तटस्थ अवस्थेत मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ वेळा इंधन पेटते. तीन सिलिंडरच्या इंजिनात हेच प्रमाण २० वर येते. कंपनशास्त्राच्या नियमानुसार आधाराची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल, तरच ती थरथर अडते. दोहोंमध्ये निदान १.४ पटींचे अंतर लागते. म्हणजे तीन सिलिंडरच्या गाडीत इंजिनाचे डोलणे सेकंदाला १४ वेळांपेक्षा कमीच ठेवावे लागते.

नेमकी येथेच अडचण उद्भवते. चाकांची उसळी सेकंदाला १० ते १५ वेळांची आणि रबरावरच्या इंजिनाचे डोलणेही त्याच टप्प्यातले. झोपाळ्याला योग्य क्षणी मिळालेल्या झोक्याप्रमाणे दोन्ही हालचाली एकमेकींना वाढवू शकतात. शे-दीडशे किलोचे धूड एकदा लयीत डोलू लागले, की टायरची पकड टिकणे कठीण होते. उत्पादकाने रबर मऊ ठेवले ते हलगर्जीपणाने नव्हे. प्रवाशांना दररोज लागणारा आराम आणि क्वचित घडणारी उसळी यांत त्याने आरामाला झुकते माप दिलेले असते. महागड्या गाड्यांतील द्रव भरलेले माउंटिंग हा पेच काही अंशी सोडवते. मोठ्या व संथ हालचालीला ते विरोध करते आणि बारीक थरथरीला मऊ राहते.

डॅम्पर नेमके काय करतो?

इंजिन डॅम्पर दिसायला छोट्या शॉकअबसारखा असतो. आत तेलात सरकणारा दट्ट्या, दोन्ही टोकांना फिरते सांधे आणि गाडीनुसार घडवलेले ब्रॅकेट असे त्याचे भाग असतात. त्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे सांगाड्याला जोडतात. हालचालीचा वेग जितका जास्त, तितका त्याचा विरोध जास्त. इंजिन सावकाश कलले तर तो ते कलू देतो. इंजिन झटक्याने डोलू लागले की तेलाच्या घर्षणाने ती ऊर्जा उष्णतेत बदलतो. त्यामुळे डोलण्याचे चक्र लवकर शमते आणि चाकांच्या उसळीला मिळणारी साथ तुटते. गिअर बदलताना बसणारा हिसकाही काहीसा कमी होतो.

यासाठी मोजावी लागणारी किंमतही त्याच विज्ञानात दडलेली आहे. ज्या बारीक व जलद थरथरीपासून मऊ रबर प्रवाशांना वाचवते, ती डॅम्परच्या वाटेने सांगाड्यात शिरते. गाडी उभी असताना डॅशबोर्ड बारीक खडखडणे, आरशातली प्रतिमा हलणे, स्टिअरिंगला मुंग्या येणे ही त्याची लक्षणे होत. तीन सिलिंडरच्या गाडीत ती अधिक जाणवतात. डॅम्परऐवजी निव्वळ ताठ दांडा किंवा पॉलियुरेथेनचे कडक माउंटिंग बसवल्यास हा त्रास आणखी वाढतो.

डॅम्परची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागेल. तो टायरची पकड वाढवत नाही. लोअर आर्मचा सैल बुश, झिजलेला टायर, चुकीची हवा किंवा तेल गळून निकामी झालेला शॉकअब यांमुळे येणारी उसळी त्याने थांबत नाही. इंजिनाचे वजन पेलणे हे तर त्याचे कामच नव्हे.

आधी तपासणी, मग खरेदी

दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीत उसळीचे मूळ बहुधा थकलेल्या रबरात सापडते. बॉनेटखालची उष्णता, तेलाचा संपर्क आणि वय यांमुळे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी ते धातूपासून सुटते. दिल्लीतील उन्हाळा आणि तासन्‌तास रांगेत चालणारे इंजिन या प्रक्रियेला हातभार लावतात.

म्हणून पहिली पायरी पाहणीची. इंजिन थंड असताना प्रत्येक माउंटिंगवर विजेरीचा प्रकाश टाकून भेगा, खचलेले रबर किंवा गळलेल्या द्रवाचे डाग शोधावेत. त्यानंतर जाणकार कारागिराने हँडब्रेक व पायब्रेक लावून, हाफ क्लचवर आधी पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये इंजिन किती उचलले जाते ते बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडून पाहून घ्यावे. या वेळी गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये आणि बॉनेटखाली हात घालू नये. इंजिन एकीकडे ठोका देऊन आदळत असेल, तर तो आधार गेला असे समजावे. टॉर्क रॉडचे बुश, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअब आणि टायरमधील हवा ही तपासणीही याच वेळी करावी.

यातील कोणताही भाग सदोष निघाला, तर आधी तो बदलावा. पुष्कळ गाड्यांत उसळी तेथेच थांबते आणि डॅम्परची गरज उरत नाही. याउलट, तुटलेल्या माउंटिंगवर डॅम्पर चढवल्यास काही काळ ठोके ऐकू येत नाहीत. पण इंजिनाचा भार मूळ रचनेत नसलेल्या ब्रॅकेटवर जातो. मग तो ब्रॅकेट वाकतो किंवा इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या अंगातील आटे उखडतात आणि रबराच्या एका तुकड्यापुरते असलेले काम इंजिनाच्या दुरुस्तीपर्यंत पोहोचते.

बसवण्याची रीत

सर्व रबरे चांगली असूनही उसळी कायम असेल, तर डॅम्परचा विचार करता येतो. त्या गाडीसाठीच तयार केलेला आणि मूळ बोल्टच्या जागांवर बसणारा संच घ्यावा. सांगाड्याला भोक पाडावे लागेल किंवा वेल्डिंग करावे लागेल असा संच टाळावा.

काम सपाट जागेवर, थंड इंजिनावर आणि चाकांना अडण लावून करावे. विजेच्या तारांजवळ काम असल्यास बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. माउंटिंगचा बोल्ट काढणे भाग असेल, तर आधी तेलाच्या टाकीखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाला हलका टेका द्यावा. सांगाड्याकडचे टोक पुष्कळदा शॉकअबच्या वरच्या नटांवर घेतात. तेथे चाके जमिनीवर टेकलेली असताना बाजूचा एकेक नट काढून लावावा. मधल्या नटाला हात लावू नये, कारण दाबलेली स्प्रिंग त्याच्याच आधारावर असते आणि ती सुटल्यास जीवघेणी इजा होऊ शकते.

डॅम्परची दिशा ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. इंजिन त्या जागी ज्या दिशेने डोलते, त्याच दिशेत डॅम्परची लांबी यावी आणि तो डोलण्याच्या अक्षापासून शक्य तितका दूर असावा. आडव्या इंजिनाच्या माथ्यापाशी ही हालचाल पुढे-मागे असते. तेथे डॅम्पर उभा किंवा इंजिनाच्या लांबीशी समांतर बसवल्यास तो केवळ शोभेची वस्तू ठरतो. इंजिन विश्रांत असताना दट्ट्या आपल्या पल्ल्याच्या साधारण मध्यावर असावा, म्हणजे दोन्ही दिशांना तो अडून आदळणार नाही. दोन्ही सांधे बोटांनी सहज फिरतात याचीही खात्री करावी.

बोल्ट आधी हाताने आट्यात बसवावेत आणि मगच उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत टॉर्क रेंचने आवळावेत. एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरचे होज, विजेच्या तारा, पट्टा आणि बॉनेट यांना डॅम्पर डोलतानाही लागणार नाही एवढी मोकळी जागा हवी. काम झाल्यावर वर सांगितल्याप्रमाणेच सावधगिरी बाळगून दोन्ही गिअरमध्ये हालचाल पाहावी, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात फेरी मारावी आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२ अ अन्वये नियमबाह्य बदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याच्या व्याख्येत ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूलभूत स्वरूप पालटणारा रचनेतील फेरफार. मूळ बोल्टवर बसणारा आणि काढून ठेवता येणारा डॅम्पर आणि सांगाड्याला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून केलेले काम यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत अधिकृत सेवा केंद्राचे आणि विमा कंपनीचे म्हणणे आधी लेखी घ्यावे.

दिल्लीत आणखी एक हिशेब करावा लागतो. १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी दुजोरा दिला आणि त्यानंतर तिच्या अंमलबजावणीत फेरबदलही झाले. जुन्या गाडीवर खर्च करण्यापूर्वी मालकाने तत्कालीन नियम पाहून घ्यावा.

गरज कोणाला?

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या वेगस्पर्धेसारख्या ठिकाणी गाडी पूर्ण जोराने सोडणाऱ्या स्पर्धकाला, किंवा टर्बो इंजिनाची ताकदवान गाडी बंदिस्त मार्गावर चालवणाऱ्याला डॅम्परचा लाभ स्पष्ट दिसतो. त्याच्यासाठी थोडी थरथर हा मान्य असलेला सौदा असतो. कार्यालयात जाण्या-येण्यासाठी, मुलांना शाळेत सोडण्यासाठी किंवा वर्षातून एकदा खंडाळ्याचा घाट चढून गावी जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्या कुटुंबाची गरज वेगळी आहे. वाळू पसरलेल्या किंवा ओल्या रस्त्यावर क्लच हळू सोडणे, टायरमध्ये योग्य हवा ठेवणे आणि थकलेले माउंटिंग वेळेवर बदलणे एवढ्याने त्यांचे काम भागते. जी गाडी काल-परवापर्यंत शांतपणे निघत होती, ती आज उसळू लागली असेल, तर तिला नव्या भागाची भर घालण्याआधी तिचा कोणता जुना भाग गेला आहे, हे शोधणे अगत्याचे आहे.